भीतीच्या दिवसांत ठरलेली गावे : किल्लारी पुनर्वसनाचा मानसशास्त्रीय प्रकरण अभ्यास

माणसे बदलाला विरोध का करतात, हा प्रश्न व्यवस्थापनाच्या आणि समाजकार्याच्या वर्गांत हमखास विचारला जातो. किल्लारीचे प्रकरण या प्रश्नाच्या चौकटीत बसत नाही, कारण येथे बदल लोकांनीच मागितला होता. १९९३ च्या ऑक्टोबरमध्ये लातूर आणि धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यांतील भूकंपग्रस्त गावांमधून एकच मागणी होत होती : जुने गावठाण नको, दगड नको, माती नको, नव्या जागेवर सिमेंटचे घर द्या. सरकारने आणि देणगीदार संस्थांनी ती मागणी बऱ्याच अंशी पूर्ण केली. त्यानंतरची दहा-पंधरा वर्षे मात्र हेच लोक, मागून घेतलेले गाव थोडेथोडे मोडून आणि जोडून, आपल्याला राहता येईल असे करत राहिले. स्वतः मागितलेला बदल अंगवळणी पडायला इतका काळ का लागावा, हा या अभ्यासाचा विषय आहे. महाराष्ट्रात दरडी कोसळून, धरणे होऊन, खाणी येऊन गावे हलतच आहेत, त्यामुळे हा प्रश्न जुना झालेला नाही.

घटना

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी औसा तालुक्यातील किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. वेगवेगळ्या मापनांनुसार त्याची तीव्रता ६.२ ते ६.४ नोंदवली गेली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून रात्री उशिरा परतलेली माणसे गाढ झोपेत होती, आणि ती घरात होती ही गोष्ट मृत्यूच्या दृष्टीने निर्णायक ठरली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, लिंबाळा, पेठसांगवी, होळी, राजेगाव अशा तेरणेच्या खोऱ्यातील गावांमध्ये काही क्षणांत घरांचे ढिगारे झाले. मृतांचे आकडे वेगवेगळ्या नोंदींमध्ये सुमारे आठ हजारांपासून जवळजवळ दहा हजारांपर्यंत दिलेले आढळतात.

एवढ्या तीव्रतेचा भूकंप जगात फार मोठा गणला जात नाही. माणसे मेली ती मुख्यतः घरांच्या बांधणीमुळे. या भागातील जुन्या घरांच्या भिंती काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या, दोन फूट आणि कधी त्याहूनही जाड असत. वर लाकडी तुळया आणि फळ्या, आणि त्यांच्यावर मातीचा जाड थर, म्हणजे माळवद. उन्हाळ्यात असे घर थंड राही. निजामाच्या राजवटीत चोर-दरोडेखोरांपासून त्याच भिंतींचा आधार वाटे, आणि भिंत जितकी जाड तितकी घराण्याची पत मोठी समजली जाई. मातीच्या सांध्यांना जोरदार हादरा बसल्यावर त्या भिंती फुटून कोसळल्या आणि पाठोपाठ माळवदाचे ओझे झोपलेल्या माणसांवर आले.

या परिसराला १९९२ मध्ये धक्क्यांची एक मालिका जाणवली होती. तेव्हा लोक घाबरले, काही काळ चर्चा झाली, मग भीती ओसरली आणि माणसे आपापल्या कामाला लागली. यात लोकांचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. भारताच्या तेव्हाच्या भूकंप-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या विभागात होता, आणि दख्खनचे पठार स्थिर आहे असे शाळेच्या पुस्तकांतही शिकवले जात होते. पुढे २००२ च्या सुधारित नकाशात पहिला विभागच काढून टाकण्यात आला आणि लातूरचा परिसर तिसऱ्या विभागात गेला.

मानसशास्त्रज्ञ रॉनी जॅनॉफ-बुलमन यांची एक मांडणी येथे उपयोगी पडते. जग सर्वसाधारणपणे सुरक्षित आहे, घडणाऱ्या गोष्टींना काही अर्थ असतो आणि आपण वाईट फळाला पात्र नाही, अशा काही गृहीतकांवर माणूस रोजचे जगणे उभे करतो, आणि मोठ्या आघातात ही गृहीतकेच तुटतात. किल्लारीत तुटलेले पहिले गृहीतक पायाखालच्या जमिनीचे होते. दुसरे गृहीतक घराचे होते आणि ते अधिक खोलवर रुजलेले होते. वादळात, पुरात, दंगलीत माणूस घराकडे धावतो. या भूकंपात घरानेच माणसे मारली होती. वाचलेल्यांच्या मनात दगड, माती, रात्र आणि छताची करकर या चारही गोष्टी मृत्यूशी जोडल्या गेल्या, आणि पुढे अनेक महिने भूगर्भातून येणारे लहान धक्के व गडगडाट ही जोडणी पक्की करत राहिले.

मागणी आणि तिला मिळालेले उत्तर

राज्य सरकारने जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. नुकसानीच्या प्रमाणानुसार गावांचे वर्ग पाडण्यात आले. ‘अ’ वर्गातील ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवायची ठरली. तेथील घरे मुख्यतः देणगीदार संस्थांनी आणि सरकारने नेमलेल्या कंत्राटदारांनी बांधली आणि तयार घर कुटुंबाच्या ताब्यात दिले. याच्या दुसऱ्या टोकाला ‘क’ वर्गातील जवळपास दोन लाख घरे होती. ती हजाराहून अधिक गावांत विखुरलेली होती, त्यांचे नुकसान तुलनेने कमी होते आणि घरमालकांनी सरकारी मदतीच्या हप्त्यांतून ती स्वतःच दुरुस्त व मजबूत करून घ्यायची होती. या दोन वर्गांची तुलना पुढे येईल.

‘अ’ वर्गात घराचा आकार जमिनीवरून ठरला. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४०० आणि सात हेक्टरांहून अधिक जमीन असलेल्यांना ७५० चौरस फूट. सातबाऱ्यावरून निर्णय करता येत असल्याने प्रशासनाच्या दृष्टीने हा निकष सोपा होता. त्याचा सामाजिक परिणाम किती दूरवर जाईल, याची कल्पना त्या घाईत फारशी कोणाला आली नसावी.

स्थलांतराची मागणी पूर्णपणे उद्ध्वस्त झालेल्या गावांपुरती राहिली नाही. तुलनेने कमी नुकसान झालेल्या गावांनीही ‘आम्हालाही नव्या जागेवर न्या’ असा आग्रह धरला. त्यामागे अधिक लाभ मिळण्याची अपेक्षा होतीच, आणि ती असण्यात गैर काही नव्हते. परंतु केवळ लाभाची भाषा या आग्रहाचा उलगडा करत नाही. ज्या गल्लीतून सामुदायिक अंत्यसंस्कारासाठी प्रेते नेली, त्या गल्लीत पुन्हा चूल मांडायची कल्पनाच लोकांना सहन होत नव्हती.

तीव्र भीतीच्या काळात माणसाचे लक्ष अरुंद होते, ही तणावाच्या अभ्यासात वारंवार दिसलेली गोष्ट आहे. ज्या धोक्याने घाला घातला तो टाळणे हे एकच उद्दिष्ट मन व्यापून टाकते आणि एरवी महत्त्वाच्या असणाऱ्या गोष्टी निर्णयाच्या वेळी तराजूत येतच नाहीत. शेत किती लांब पडेल, बैल कोठे बांधायचे, सासूबाईंना शेजारी कोण असेल, बाजरी कोठे वाळवायची, हे प्रश्न ऑक्टोबर १९९३ मध्ये कोणी विचारले असते तर ते क्षुल्लक वाटले असते. पुढची तीस वर्षे लोकांना जगावे लागले ते याच प्रश्नांसह. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा येथे आहे. गाव कोठे आणि कसे वसवायचे हा सर्वांत दीर्घकाळ टिकणारा निर्णय लोकांकडून अशा वेळी घेतला गेला, जेव्हा त्यांचे मन तो तोलण्याच्या स्थितीत सर्वांत कमी होते. आणि तो निर्णय नंतर बदलता येईल अशी कोणतीही सोय ठेवलेली नव्हती.

यात कोणाचा हेतू वाईट होता असे नाही. पावसाळ्यापूर्वी लोकांना पक्के छत मिळावे ही तळमळ खरी होती, आणि ग्रामसभांचे ठरावही घेतले गेले होते. मात्र ग्रामसभेत हात वर करणारा माणूस कोणत्या मनःस्थितीत हात वर करतो आहे, हे ठरावाच्या कागदावर दिसत नाही.

नव्या गावातले जगणे

नवी गावे नगररचनेच्या पद्धतीने आखली गेली होती. काटकोनात छेदणारे रुंद रस्ते, एकसारख्या आकाराचे भूखंड, ओळीने घरे, शाळा, समाजमंदिर आणि आरोग्य उपकेंद्रासाठी राखीव जागा. भिंत पडली तरी समोरच्याच्या अंगावर येऊ नये इतके अंतर घराघरांत ठेवले होते आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच होते. त्यामुळे गावाचा विस्तार जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट झाला. जुन्या गावात जी माणसे उंबऱ्यावरून हाक मारली की ऐकू येत, ती आता चार रस्ते ओलांडून पलीकडे राहू लागली.

घराचा आकार जमिनीवरून ठरल्यामुळे सारख्या आकाराची घरे एकत्र बांधली गेली. एका भावाच्या वाट्याला दोन हेक्टर आणि दुसऱ्याच्या वाट्याला अर्धा हेक्टर जमीन असेल तर दोघे गावाच्या वेगवेगळ्या भागांत गेले. भावकी विस्कटली. भूमिहीनांची, म्हणजे बहुतांशी दलित आणि कारागीर कुटुंबांची घरे लहान, आणि म्हणून वेगळ्या भागात. जुन्या गावातही जातींच्या वस्त्या वेगळ्याच होत्या, तेव्हा पूर्वी सारे एकत्र होते असे म्हणणे खोटे ठरेल. परंतु काटकोनी आखणीचे गाव म्हणजे आधुनिक आणि समतेचे गाव, ही कल्पनाही या आखणीने खरी ठरवली नाही.

जुन्या वाड्यात शिरताना ढाळज लागे. तेथे पाहुणा बसे, म्हातारी माणसे दिवस काढत, हिशेब होत, भांडणे मिटत. बाहेरचा माणूस किती आत यावा आणि घरातील स्त्रीने किती बाहेर यावे, हे त्या जागेमुळे न बोलता ठरलेले असे. त्यापुढे चौक, पडवी, न्हाणी, गोठा. नव्या घराचा दरवाजा थेट रस्त्यावर उघडत होता. दोन खोल्या, एक लहान स्वयंपाकघर. चुलीच्या धुराला वाट नव्हती, जळण ठेवायला जागा नव्हती, जनावरांसाठी काहीच नव्हते. बायकांना अंघोळीसाठी आणि बसून बोलण्यासाठी आडोसा उरला नाही. सिमेंटचे छत उन्हाळ्यात तापू लागले तेव्हा माळवदाच्या थंडाव्याची आठवण येऊ लागली, आणि त्याच माळवदाने घरातली माणसे घेतली होती हेही कोणी विसरले नव्हते. या दोन्ही आठवणी एकाच मनात नांदत होत्या.

अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या वेस्ट एंड भागातील रहिवाशांना नगरविकासासाठी हलवल्यानंतर मार्क फ्राइड या मानसशास्त्रज्ञाने त्यांचा अभ्यास केला आणि १९६३ मध्ये असे मांडले की, घर गमावलेल्यांची अवस्था आप्त गमावलेल्यांच्या शोकासारखी असते. किल्लारी परिसरातील कुटुंबांवर हे दोन्ही शोक एकदम आले होते. आप्तांसाठीचा शोक सर्वांना दिसत होता. त्याला विधी होते, दिवस होते, रडायला परवानगी होती. गल्ली, पार, वेस, ढाळज यांच्यासाठीच्या शोकाला मात्र कोणतीही रीत नव्हती. उलट नवे पक्के घर मिळालेल्या माणसाने हळहळ व्यक्त केली तर ती कृतघ्नता समजली जाण्याचा धोका होता.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ पीटर मॅरिस यांनी वैधव्य, झोपडपट्ट्यांचे निर्मूलन आणि संस्थांमधील बदल यांचा एकत्र विचार करून दाखवले होते की, जगण्याचा अर्थ टिकवून ठेवण्याची प्रेरणा माणसात भुकेइतकीच मूलभूत असते. नवी परिस्थिती कितीही चांगली असली तरी जुन्या अर्थाचा धागा तिच्यात ओवता आला नाही, तर माणूस ती स्वीकारू शकत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला जो हट्ट किंवा मागासपणा वाटतो, तो अनेकदा हा धागा शोधण्याचा प्रयत्न असतो.

लोकांनी बदल कसा पेलला

रिचर्ड लॅझारस आणि सुसान फोकमन यांनी १९८४ मध्ये तणावाला सामोरे जाण्याचे दोन ढोबळ प्रकार सांगितले. पहिल्यात माणूस प्रत्यक्ष अडचणीवर उपाय करतो, दुसऱ्यात तो अडचणीमुळे उठलेल्या भावना सावरतो. कोणत्या वेळी काय उपयोगी पडेल हे परिस्थिती आपल्या हातात किती आहे यावर अवलंबून असते. किल्लारी परिसरातील कुटुंबांनी हे दोन्ही मार्ग वापरले. मात्र ते कोठेही वेगळे करून दाखवता येत नाहीत, कारण भावना सावरण्याचे बरेचसे काम लोकांनी घर दुरुस्त करतानाच केले.

पहिली काही वर्षे अनेक कुटुंबे नव्या पक्क्या घरात सामान ठेवत आणि झोपायला बाहेर, अंगणात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये जात. पत्रा पडला तरी माणूस मरत नाही, हा हिशेब त्यामागे होता. भूकंपरोधक घर वापरले जात नाही याचे काही पाहुण्यांना आश्चर्य वाटे. भीतीच्या उपचाराचा विचार केला तर त्यात आश्चर्याचे काही नाही. आधी दिवसा घरात वावरायचे, मग दुपारची झोप, मग पावसाळ्यातल्या रात्री, आणि शेवटी नेहमीच्या रात्री, अशा पायऱ्यांनी लोक छताखाली परत गेले. उपचारकाने आखून द्यावा तसा हा क्रम लोकांनी स्वतःच्या गतीने, कोणी न सांगता पूर्ण केला.

पुढचा टप्पा घरे बदलण्याचा होता. दारासमोर आडोशाची भिंत आली, पडवी निघाली, मागे गोठा आणि चुलीचे छप्पर उभे राहिले. रस्त्याची रुंदी थोडी खाऊन ओटे बांधले गेले आणि त्या ओट्यांवर ढाळजेतल्या गप्पा परत सुरू झाल्या. घरांची अदलाबदल करून, रिकामे भूखंड मिळवून भावकी शक्य तेथे जवळ सरकली. जुन्या गावठाणातील ढिगाऱ्यांतून तुळया, दारे, चौकटी आणि अखेर दगडसुद्धा नव्या गावात आले. ज्या दगडाचे नाव काढलेले चालत नव्हते तो दगड काही वर्षांनी कुंपणाच्या आणि वाढीव खोल्यांच्या भिंतींत दिसू लागला. यात दोन अर्थ एकत्र आहेत. दगडाची भीती ओसरली होती आणि वडिलार्जित घरातील काहीतरी नव्या घरात आणता आले होते, हा मनाच्या दृष्टीने चांगला अर्थ. परंतु ही वाढीव बांधकामे बहुतांशी अभियंत्याच्या सल्ल्याविना, पुन्हा मातीत दगड रचून झाली, हा सुरक्षिततेच्या दृष्टीने गंभीर अर्थ.

या सर्व काळात तक्रारी चालूच होत्या : गळतीच्या, तडे गेल्याच्या, लांब अंतरांच्या, वाटपातील अन्यायाच्या. अधिकारी आणि देणगीदार यांच्यापैकी काहींना या तक्रारींचा त्रास झाला, आणि इतके करूनही लोक समाधानी नाहीत असे म्हटले गेले. मला या तक्रारी निराळ्या दिसतात. भूकंपानंतरच्या पहिल्या दिवसांत मिळेल ते घेणारी, काहीच न बोलणारी माणसे अधिक काळजी करण्यासारख्या अवस्थेत होती. दाराची दिशा चुकली म्हणून भांडणारा माणूस त्या घरात राहायचे हे मनाने ठरवून बसलेला असतो. तक्रार ही रुजण्याची खूण मानून तिची व्यवस्थित दखल घेणारी यंत्रणा असती, तर लोकांनी स्वतःच्या खर्चाने आणि धोका पत्करून केलेले कितीतरी बदल आधीच आणि सुरक्षितपणे झाले असते.

‘क’ वर्गातील अनुभव

‘क’ वर्गातील घरमालकांना पैसे आणि साहित्य टप्प्याटप्प्याने मिळत होते आणि काम त्यांनी स्वतः करवून घ्यायचे होते. हप्ते कधी येतात, भिंतीत आरपार दगड कोठे घालायचे, सिमेंटचा पट्टा कोणत्या उंचीवर घ्यायचा, माळवदावरील माती किती कमी करायची, हे गावात समजावून सांगण्यासाठी कोणीतरी हवे होते. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने हजाराहून अधिक गावांत त्यासाठी स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आणले. या स्त्रिया बहुतांशी महिला मंडळांतून आलेल्या होत्या. घराचा नकाशा, सिमेंटच्या गोण्यांचा हिशेब, गवंड्याच्या कामावर देखरेख, तहसील कार्यालयात पाठपुरावा, या गोष्टी तोवर त्यांच्या वाट्याला आल्या नव्हत्या.

दोन वर्गांची तुलना करताना सावधगिरी हवी. ‘अ’ वर्गातील गावांत मृत्यू प्रचंड झाले होते, काही घरांत एकच माणूस उरला होता. अशा माणसाला हाती पैसे देऊन ‘तुझे घर तू बांध’ म्हणणे क्रूरपणाचे झाले असते. ‘क’ वर्गात घर तडकले होते, पण माणसे होती. म्हणून ‘क’ वर्गातील लोक लवकर सावरले ते केवळ निर्णय त्यांच्या हातात होते म्हणून, असा निष्कर्ष काढता येणार नाही. तरीही एक फरक नजरेआड करता येत नाही. ‘क’ वर्गातील कुटुंबाने दुरुस्तीच्या प्रत्येक टप्प्यावर काहीतरी ठरवले होते, आणि आपल्या घराची भिंत पुढच्या वेळी का पडणार नाही हे त्या घरातील माणसाला, बहुधा बाईलाही, सांगता येत होते. ‘अ’ वर्गातील कुटुंबाकडे अधिक मजबूत घर होते, पण ते मजबूत का आहे याचे ज्ञान त्यांच्याकडे नव्हते. ते ज्ञान कंत्राटदाराबरोबर आले आणि त्याच्याबरोबरच गेले. धोक्यावर आपला काही ताबा आहे ही जाणीव भीती कमी होण्यासाठी किती महत्त्वाची असते, हे प्रयोगशाळेतील आणि रुग्णालयांतील अभ्यासांनी दाखवलेले आहे. येथे ती जाणीव मजबूत भिंतीतून आपोआप आलेली नाही, भिंत बांधण्याच्या कामात सहभागी झाल्याने आली.

मुले

अनाथ झालेल्या किंवा घर कोलमडलेल्या मुलांसाठी वेगवेगळ्या संस्थांनी वेगवेगळे मार्ग निवडले. भारतीय जैन संघटनेचे शांतीलाल मुथा यांच्या पुढाकाराने सुमारे १,२०० मुले पुण्याला नेण्यात आली आणि पुढे वाघोलीत त्यांच्या निवासी शिक्षणाची सोय झाली. पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने नळदुर्गला ‘आपलं घर’ उभे राहिले. ज्ञान प्रबोधिनीने लोहारा तालुक्यातील हराळी येथे शाळा सुरू केली. पुण्याला गेलेल्या मुलांना ढिगाऱ्यांपासून दूर, नियमित दिनक्रम आणि मोठ्या शहरातील शिक्षण मिळाले. नळदुर्ग आणि हराळीला राहिलेल्या मुलांना आपली बोली, आपले ऋतू आणि उरलेले नातेवाईक यांच्या जवळ राहता आले. यातील एक मार्ग योग्य आणि दुसरा अयोग्य असे म्हणण्याजोगा पुरावा मांडता येत नाही. वयाने मोठ्या मुलाला दूर जाणे झेपते आणि लहान मुलाला ओळखीच्या माणसाचा हात अधिक लागतो, इतका फरक मात्र बालविकासाच्या अभ्यासातून निश्चित सांगता येतो.

मानसिक आरोग्य

पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेचे डॉ. मोहन आगाशे यांनी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रकल्पात भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याच्या गरजा आणि त्या पुरवण्याच्या पद्धती यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. आपत्तीनंतर मानसिक आरोग्याची सेवा ही स्वतंत्र गरज आहे, हे महाराष्ट्रात तेव्हा नुकतेच मान्य होऊ लागले होते. ग्रामीण भागात माणूस ‘मन ठीक नाही’ असे क्वचितच सांगतो. डोके दुखते, छातीत धडधडते, झोप लागत नाही, अंगात ताकद नाही, अशा तक्रारी घेऊन तो प्राथमिक आरोग्य केंद्रात येतो. म्हणून अशा वेळी आरोग्यसेविका, शिक्षक, ग्रामसेवक आणि घराच्या कामावर देखरेख करणारा अभियंता यांनाही थोडे ऐकून घेण्याचे शिक्षण देणे आवश्यक असते. घर पाहायला आलेल्या अभियंत्याला बाईने ‘दार या बाजूला नको’ असे सांगितले, तर ती त्या बाजूला काय घडले ते सांगत असण्याची शक्यता असते.

पुनर्वसनाच्या नियोजनासाठी

या प्रकरणावरून काही गोष्टी ठामपणे सुचवाव्याशा वाटतात. तातडीचा निवारा आणि कायमचे गाव हे दोन निर्णय वेळेच्या दृष्टीने वेगळे ठेवले पाहिजेत. निवारा आठवड्यांत मिळाला पाहिजे. गावाचा आराखडा मात्र किमान एक पावसाळा आणि एक सुगी जाऊ दिल्यावर, लोकांनी तात्पुरत्या वस्तीत राहून पाहिल्यावर अंतिम व्हावा. यावर असा आक्षेप येतो की तात्पुरती वस्ती कायमची होऊन बसते, आणि तो अनुभवावर आधारलेला आहे. म्हणून मुदत आणि निधी आधीच बांधून घेतले पाहिजेत, पण या आक्षेपाच्या भीतीने भीतीग्रस्त माणसाकडून पन्नास वर्षांचा निर्णय करून घेणे समर्थनीय ठरत नाही. भूखंडाचे वाटप एकेका कुटुंबाला न करता, शेजारी राहू इच्छिणाऱ्या कुटुंबांच्या गटांना एकत्र अर्ज करू द्यावा. घराचा आकार जमिनीवर ठरवू नये, माणसांच्या संख्येवर ठरवावा. आणि कोणतेही घर पूर्ण झाले असे न मानता, त्यात पुढे होणारी वाढ गृहीत धरून ती कोठे व कशी करावी हे शिकवणारा माणूस काही वर्षे गावात ठेवावा.

या प्रकरणातील काही धडे नंतर प्रत्यक्षात उतरले. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर गुजरातमध्ये घरमालकाने स्वतः बांधण्याच्या पद्धतीवर मोठा भर दिला गेला, आणि त्यामागे महाराष्ट्रातील ‘क’ वर्गाचा अनुभव होता. लातूर आणि उस्मानाबादच्या ग्रामीण स्त्रिया स्वयम् शिक्षण प्रयोगाच्या मदतीने कच्छमधील गावांत गेल्या आणि आपण पैशांचे हप्ते, साहित्य आणि गवंडी कसे सांभाळले हे तेथील स्त्रियांना सांगितले. आपल्या दुःखाचा कोणाला तरी उपयोग होतो ही जाणीव सावरण्यात मोठी भर घालते, आणि कोणत्याही समुपदेशकाला ती बाहेरून देता आली नसती.

किल्लारी परिसरातील नव्या गावांत आता भूकंपानंतर जन्मलेली पिढी मोठी झाली आहे. तिच्यासाठी रुंद रस्त्यांचे हेच गाव मूळ गाव आहे, आणि तेथे राहणे तिला बदल वाटत नाही. मात्र या पिढीच्या घरांत मागच्या पंचवीस-तीस वर्षांत बांधलेल्या वाढीव खोल्या आहेत, त्यांपैकी अनेकींच्या भिंती मातीत रचलेल्या दगडाच्या आहेत, आणि २००२ च्या नकाशाने ही जमीन तिसऱ्या विभागात टाकली आहे. त्या खोल्या पाडायला सांगून काही साध्य होणार नाही, कारण भावकी, पडवी आणि चूल परत मिळाली ती त्याच खोल्यांमुळे. ‘क’ वर्गात जसे आरपार दगड आणि पट्टे घालून जुनी घरे मजबूत केली, तसे या खोल्यांचे करता येते. त्यासाठी लागणारे गवंडी आणि ते काम शिकलेल्या संवाद सहायक स्त्रिया याच दोन जिल्ह्यांत आहेत. गावनिहाय पाहणी करून ते काम सुरू करणे ग्रामपंचायतींना आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणांना आजही शक्य आहे.